पावसाच्या पाण्याला बिल नसतं

सांगलीतल्या एका गुंठेवारी (शेताचे गुंठे पाडून झालेल्या) वसाहतीतल्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "पंधरा वर्षं घरपट्टी, पाणीपट्टी वेळच्या वेळी भरतोय. तरी तासभर जोराचा पाऊस झाला की गल्लीत गुडघाभर पाणी. विचारायला गेलं की 'निधी नाही'. दुसरीकडे अमृत, नगरोत्थान, वित्त आयोग अशी नावं पेपरात वाचतो. शहर गटारांचे आणि पाण्याच्या लाइनींचे पैसे नेमके आणतं कुठून? आणि एकदाच मोठं कर्ज काढून सगळं का करून टाकत नाहीत?"

मी स्थापत्य अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं वेगवेगळ्या गावांच्या पाणीपुरवठा आणि ड्रेनेज विभागांत गेली. शेवटची काही वर्षं लेखा विभागाच्या शेजारच्या टेबलावर बसलो, आणि खरी अक्कल तिथं आली. निवृत्तीनंतर सांगलीतच विश्रामबागेत असतो. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर जरा लांबणार.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. सांगलीकर पाणी फुटात मोजतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यापुढं गल्लीतलं कुठलंही गटार टिकत नाही आणि त्यासाठी ते बांधलेलंही नसतं. तो विषय नदीचा, धरणांतून सोडलेल्या पाण्याचा, पूररेषेचा. त्याचा पैसा राज्याकडून, जागतिक बँकेसारख्या कर्जातून, जलसंपदा खात्यामार्फत येतो. तुमचा प्रश्न त्या दिवसांचा आहे, जेव्हा कृष्णा पंधरा-वीस फुटांवर शांत वाहत असते आणि तुमच्या दारात तळं साचलेलं असतं. ते पाणी शहराचं स्वतःचं आहे. त्याला पावसाळी गटार लागतं. घरातलं सांडपाणी हा तिसरा प्रकार, त्याला भुयारी गटार लागतं. लोक या तिन्हींना मिळून 'ड्रेनेज' म्हणतात आणि तिथंच पैशाच्या चर्चेचा घोळ सुरू होतो, कारण तिन्हींचे खिसे वेगळे आहेत.

आता मुख्य मुद्दा. नळाच्या पाण्याला गिऱ्हाईक आहे. कनेक्शन आहे, मीटर बसवता येतो, बिल पाठवता येतं, नाही भरलं तर नळ तोडता येतो. सांडपाण्यालाही जोडणी आहे, तिची फी आहे, बिलात मलनिस्सारणाची ओळ आहे. कचऱ्यालाही अलीकडं उपयोगकर्ता शुल्क लागलंय. पावसाच्या पाण्याला यातलं काहीच नाही. ते तुमच्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या दारात जातं, तिथून रस्त्यावर, रस्त्यावरून सखल प्लॉटात. बिल कुणाच्या नावानं फाडायचं? त्यामुळं पावसाळी गटारासाठी हक्काचा, दरवर्षी ठरलेला असा पैसा आपल्याकडच्या जवळपास कुठल्याच शहरात नसतो. बाकी सगळं वाटून झाल्यावर जे उरेल ते त्याच्या वाट्याला. त्यामुळं गटारं तुकड्यातुकड्यानं होतात, आणि तुकड्यांतून पाणी वाहत नाही.

घरपट्टीपासून सुरू करू, कारण सगळ्यांचा राग तिच्यावर असतो. बिल उलगडून बघा. घराचं वार्षिक भाडेमूल्य धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर वेगवेगळ्या टक्क्यांनी सर्वसाधारण कर, पाण्याचा, मलनिस्सारणाचा, वृक्ष कर, अग्निशमन अशा ओळी लागतात. शिवाय शिक्षण कर, आणि दुकान-कारखाना असेल तर रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन राज्य सरकारचे. महापालिका फक्त वसूल करून पुढं पाठवते. पावसाळी गटाराच्या नावाची ओळ त्यात सापडणार नाही. ते सर्वसाधारण करातून करायचं, ज्यातून दिवाबत्ती, झाडलोट, बागा, शाळांचा हिस्सा, स्मशानभूमी आणि आस्थापनाही, म्हणजे पगार आणि कचेरीचा खर्च, चालते.

एक अंदाज मांडतो, आकडे समजण्यापुरते. तुमच्या गल्लीत ६० घरं, प्रत्येकी वर्षाला ४,००० रुपये घरपट्टी. झाले २ लाख ४० हजार. गल्लीची लांबी ४०० मीटर. एका बाजूनं झाकणासह आरसीसी गटार मीटरला ८,००० रुपये धरलं तर ३२ लाख. म्हणजे गल्लीची सगळी घरपट्टी, पगाराला आणि दिव्यांना एक रुपया न देता, तेरा वर्षं साठवली तर एका बाजूचं गटार होतं. आणि हे फक्त गल्लीतलं. पाणी पुढं जायचं कुठं, त्याचा खर्च अजून धरलाच नाही.

'मी पंधरा वर्षं पट्टी भरतोय' या वाक्याला लेखा विभागात कुणी दचकत नाही, त्याचं कारण हे. मात्र वेळेवर भरणाऱ्याचा दुसरा एक राग मला शंभर टक्के मान्य आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती कायद्यात आहे. मग अधूनमधून शास्तीमाफीची योजना येते. थकवणारा मार्चपर्यंत वाट बघतो, माफी पदरात पाडून घेतो, आणि तुम्ही-आम्ही एप्रिलमध्ये रांगेत उभं राहून भरणारे खुळे ठरतो. एकदा माफी दिली की पुढची तीन वर्षं वसुली बसते, हे मी वह्यांत डोळ्यांनी बघितलंय.

घरपट्टीपेक्षा मोठा स्रोत वेगळाच असतो. पूर्वी जकात होती. ती गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. त्यावरून सांगलीत व्यापारी आणि महापालिका यांच्यात किती ताणाताणी झाली ते आठवत असेल. २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी बंद झाला, आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर राज्यानं कायदा करून महापालिकांना नुकसानभरपाई सुरू केली. २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येते, म्हणूनच पगार होतात. पण १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड एकत्र करून झालेल्या आपल्या ड वर्ग महापालिकेसारख्या ठिकाणी पगार, निवृत्तिवेतन, नदीतून पाणी उचलण्याचं वीजबिल आणि कचऱ्याचा ठेका भागवून या पैशातून भांडवली कामाला फार शिल्लक राहत नाही. पाणीपट्टीचंही तसंच. नळाच्या पाण्याचा उत्पादनखर्च बिलातून पुरता निघतो अशी शहरं राज्यात मोजकीच. तूट सर्वसाधारण निधीतून भरली जाते, म्हणजे जिथून तुमचं गटार व्हायचं तिथूनच.

म्हणून मोठी कामं होतात ती वरून आलेल्या पैशातून. इथं नावं अनेक आहेत, पण प्रत्येक पैशाच्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं असतं.

केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा घ्या. पंधराव्या आयोगानं २०२१-२६ साठी दहा लाखांच्या आतल्या शहरांना (२०११ च्या जनगणनेत आपलं शहर पाच लाखांच्या आसपास) दिलेल्या अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांपुरतंच, ठेवलं. त्यातलं निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्याला, निम्मं पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. उरलेलं ४० टक्के अबंधित, म्हणजे पगार सोडून कशालाही. गटार बसतं ते या चाळीसात, आणि त्या चाळीसावर रस्त्यापासून समाजमंदिरापर्यंत सगळ्यांचा डोळा. शिवाय अट अशी की लेखापरीक्षण झालेले हिशेब वेळेत जाहीर करायचे आणि घरपट्टीची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढवायची. म्हणजे वरचा पैसाही शेवटी तुमच्या घरपट्टीवरच लटकलेला असतो. हे लोकांना कुणी सांगत नाही.

अमृतची गोष्ट पावसाळी गटाराच्या दृष्टीनं चटका लावणारी आहे. २०१५ च्या जूनमध्ये केंद्राची पहिली अमृत योजना आली, एक लाखावरच्या पाचशे शहरांसाठी, आणि तिच्या घटकांत पावसाळी गटार चक्क नावानिशी होतं. पण प्राधान्य आधी पाणीपुरवठा, मग मलनिस्सारण. ते अगदी चूकही नव्हतं. पिण्याच्या पाण्यापुढं गटार मागं राहणारच. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये अमृत २.० आली. तिच्यात पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि तलाव-जलाशयांचं पुनरुज्जीवन आहे. पावसाळी गटार हा स्वतंत्र घटक राहिलाच नाही. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्र एक तृतीयांश देतं, तेही २०, ४०, ४० टक्के अशा हप्त्यांत. बाकीचं राज्यानं आणि शहरानं उभं करायचं.

पूरनियंत्रणाच्या नावानं पंधराव्या वित्त आयोगानं शहरी पुरासाठी २,५०० कोटी ठेवले, ते मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे या सात शहरांसाठी. दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा बुडालेलं आपलं शहर त्या यादीत बसत नाही. कारण यादी शहराच्या आकारानं केलेली, पाण्याच्या उंचीनं नव्हे.

मग राज्याचं नगरोत्थान महाअभियान. पावसाळी गटारासाठी आपल्यासारख्या शहरांना त्यातल्या त्यात हाच दरवाजा उघडा असतो. राज्यस्तरावर मोठा प्रकल्प, जिल्हास्तरावर नियोजन समितीतून छोटी कामं. त्याशिवाय महापालिका क्षेत्रातल्या मूलभूत सोयीसुविधांचं अनुदान, दलित वस्ती सुधार, आमदार निधी, खासदार निधी. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आणि सांगली लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ. भागाकार तुम्हीच करा.

या छोट्या निधींचा स्वभाव असा, की पैसा येतो तो माणसाच्या नावानं आणि कामाच्या तुकड्यानं. 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत गटार बांधणे.' ही कामाची नावं मी शेकड्यानं लिहिली आहेत. एका गावातला किस्सा सांगतो. एक रस्ता सरळ सातशे मीटरचा, त्यावर पाच वर्षांत पाच निधींतून पाच तुकडे झालेले. प्रत्येक तुकड्याचं अंदाजपत्रक वेगळं, ठेकेदार वेगळा, मोजमाप पुस्तकात प्रत्येकाची मापं चोख. तरी पाणी तुंबायचं. मी एका सकाळी डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावली आणि तळाच्या पातळ्या घेतल्या. तिसऱ्या तुकड्याचा तळ चौथ्यापेक्षा सव्वा फूट खाली. बरोबरचा मुकादम स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, धरून उभा होता, कवठे महांकाळकडचा माणूस. तो म्हणाला, "सायेब, पानी काय चढ चढतंय व्हय?" पाच देयकं अदा झाली होती, पाचही लेखापरीक्षणातून सुटली होती. कुणी पैसा खाल्ला असेल-नसेल, माहीत नाही. पण एकही पैसा न खाता ते गटार तसंच झालं असतं, कारण सातशे मीटरचा उतार एकत्र बघायचे पैसेच कुठल्या निधीत नव्हते.

तो उतार का महत्त्वाचा, हे आकड्यात दाखवतो. अभियंते एक साधं सूत्र वापरतात: क्षेत्र गुणिले पावसाची तीव्रता गुणिले वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिस्सा. चाळीस हेक्टरची, म्हणजे जवळपास शंभर एकराची वसाहत घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस. घरं, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक यांच्यामुळं दहातलं सहा भाग पाणी वाहून येतं असं धरा. गणित येतं सेकंदाला सुमारे ३,३०० लिटर. आता ६०० मिलिमीटरचा ह्यूम (काँक्रीटचा) पाइप, पाचशेला एक उतारानं, भरून वाहिला तरी सेकंदाला पावणेतीनशे लिटरच नेतो. म्हणजे असे बारा पाइप शेजारी शेजारी लागतील. याच जमिनीवर ऊस असताना तीनच भाग पाणी बाहेर यायचं आणि ते ओढ्यानं, सावकाश, जायचं. आता पाणी दुप्पट झालंय आणि ओढ्यात प्लॉट पडलेत.

इथं गुंठेवारीबद्दल बोलणं भाग आहे, कारण तुम्ही तिथं राहता. रागावू नका. शेतकऱ्यानं शेताचे गुंठे पाडले, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, कमी पैशात सामान्य माणसाला जागा मिळाली. मंजूर रेखांकनात विकसकाला रस्ते, गटारं, मोकळी जागा स्वखर्चानं करून द्यावी लागते; तो ते पैसे प्लॉटच्या किमतीतच धरतो. गुंठेवारीत तो खर्च कुणी केलाच नाही. प्लॉट स्वस्त मिळाला तो गटाराची किंमत त्यात नसल्यामुळं. ती उधारी आता शहराच्या खात्यावर आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं हे नियमित करताना प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याचा आकार) आणि विकास शुल्क ठेवलं आणि त्या पैशातून त्या वसाहतीतल्या सोयी करायच्या असा हेतू ठेवला. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पण शुल्क भरून नियमित करून घेणारे सगळे नसतात, आणि जमणाऱ्या पैशात गल्लीतलं काम निघालं तरी गल्लीबाहेर नदीपर्यंतचा मोठा नाला निघत नाही. सांगलीतल्या शामरावनगरकडची काळी माती, बशीसारखी जमीन आणि नाल्यांवर पडलेली बांधकामं बघितली की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथं प्रत्येक गल्लीला गटार बांधून दिलं तरी बशीतलं पाणी बशीतच फिरेल.

तेव्हा पहिला पैसा मुख्य नाल्याला आणि त्याच्या तोंडाला लागतो. नदी चढली की नाल्याची तोंडं बुडतात आणि पाणी उलट शहरात शिरतं. त्यासाठी तोंडाशी झडपा आणि आतलं पाणी उपसायला पंप लागतात. ही कामं दिसत नाहीत. त्यांच्यावर फलक लावून उद्घाटन करता येत नाही. गल्लीतल्या गटाराचं करता येतं.

आता कर्जाचा मुद्दा. तो चांगला आहे, आणि लोक समजतात त्यापेक्षा सोपाही आहे. महापालिकेला कर्ज काढता येतं, राज्याची परवानगी लागते. हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून घेता येतं. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नागरी पायाभूत सुविधा विकास निधी आला. तो आपल्यासारख्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या शहरांसाठीच आहे, त्यात पावसाळी गटारं बसतात, आणि कर्ज राज्यामार्फत स्वस्त दरानं मिळतं. रोख्यांचं म्हणाल तर पुण्यानं २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी उभे केले, व्याज ७.५९ टक्के. पण रोख्यांना पतमानांकन लागतं, स्वच्छ ताळेबंद लागतो, आणि पाच-दहा कोटींसाठी तो खटाटोप परवडत नाही. तामिळनाडूत लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन सामाईक रोखे काढले होते. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, सातारा मिळून तसं का करू नये, असं मला कायम वाटत आलंय. माझं ऐकतो कोण, ते सोडा.

हिशेब बघा. १० कोटींचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, पंधरा वर्षं. वर्षाचा हप्ता सुमारे १ कोटी २० लाख. शहरात एक लाख मिळकती धरल्या तर मिळकतीमागं वर्षाला १२० रुपये. शंभर कोटींचं काम काढलं तर १,२०० रुपये, महिन्याला शंभर. मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी. मग अडतं कुठं? अडतं ते इथं, की पाणीपुरवठ्याच्या कर्जाला पाणीपट्टी तारण दाखवता येते. पावसाळी गटाराच्या कर्जाला दाखवायला काय आहे? बिलच नाही. कर्ज देणारा विचारतो, "परतफेड कशातून?" आणि लेखाधिकारी छताकडं बघतो. एस्क्रो खात्यात, म्हणजे कर्जफेडीसाठीच राखलेल्या वेगळ्या खात्यात, घरपट्टी वळवायची तर पगार लटकतात.

बाहेर यावर उत्तरं शोधली आहेत. जर्मनीत बऱ्याच शहरांत सांडपाण्याचं बिल वेगळं आणि पावसाच्या पाण्याचं वेगळं. तुमच्या आवारातली किती चौरस मीटर जमीन काँक्रीटनं, फरशीनं झाकली त्यावर दर. माती मोकळी ठेवली, छताचं पाणी जमिनीत जिरवलं, तर बिल कमी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावानं १९७४ मध्येच पावसाच्या पाण्याचं वेगळं खातं आणि वेगळी फी सुरू केली, पुढं शेकडो गावांनी ते उचललं. आपल्या जवळचं उदाहरण चेन्नईला लागून असलेल्या आलंदूरचं. ते भुयारी गटाराचं आहे, पण शिकण्यासारखं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नगरपालिकेनं घरटी ५,००० आणि व्यावसायिक मिळकतीला १०,००० रुपये ठेव आधीच मागितली, घरोघरी फिरून. लोकांनी भरली. त्या पैशाच्या जोरावर उरलेलं कर्ज आणि अनुदान उभं राहिलं. लोकांनी भरली कारण ठेव कशासाठी, काम कधी, जोडणी कुठं, हे कागदावर दाखवलं होतं आणि पैसा वेगळ्या खात्यात होता. आपल्याकडं असं शुल्क लावायचं म्हटलं तर पहिल्याच सभेत खुर्च्या हलतील, याची मला कल्पना आहे. तरी झाकलेल्या जमिनीवरचा दर मला घरपट्टीवाढीपेक्षा न्याय्य वाटतो. मोठ्या मंगल कार्यालयाचं अख्खं काँक्रीटचं आवार आणि तुमचं एका गुंठ्यातलं घर यांनी पावसाचं पाणी सारखं सोडलेलं नाही.

खर्च वाढण्याची दोन कारणं अंदाजपत्रकात लपलेली असतात, तीही सांगतो. एक जीएसटी: २०२२ च्या जुलैत अशा कामांवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. आधी मंजूर झालेल्या प्रकल्पांत तो फरक शहराच्या माथी आला. दुसरं, वाटेतल्या सोयी हलवणं. गटाराची चर खणायला गेलं की विजेचे खांब, जुनी पाण्याची लाइन, टेलिफोन कंपन्यांच्या केबल. त्या हलवायचा खर्च अंदाजपत्रकात धरला नसेल तर काम सहा महिने उघड्या चरीवर थांबतं. क्रम खरं तर सोपा आहे: आधी सगळ्यात खोल जाणारं सांडपाणी, मग पावसाळी, मग पाण्याची लाइन, केबल, आणि शेवटी रस्ता. पण पैसा आधी रस्त्याचा येतो. आणि मार्चएंडला खर्च नाही झाला तर परत जातो. म्हणून डांबर पडतं, आणि दिवाळीनंतर तेच डांबर खणतात. लोक याला मूर्खपणा म्हणतात. तो प्रत्येक निधीच्या वेगवेगळ्या घड्याळाचा परिणाम आहे. मूर्खपणा थोडा असतोच.

बांधून झाल्यावरचं तर कुणीच विचारत नाही. अनुदान बांधायला मिळतं, गाळ काढायला मिळत नाही. दोषदायित्वाचा (कामातले दोष ठेकेदारानं फुकट दुरुस्त करायचा) काळ संपला की ठेकेदार मोकळा. त्यापुढं नालेसफाई, फुटकी झाकणं, पंपाचं डिझेल, सगळं महापालिकेच्या स्वतःच्या खिशातून. शिवाय जिथं भुयारी गटार नाही तिथं लोक संडासाच्या टाकीचं पाणी पावसाळी गटारात सोडतात. मग ते बारमाही वाहतं, गाळानं भरतं, आणि पहिल्या पावसात तुमच्या दारात जे येतं ते नुसतं पावसाचं नसतं. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं वर्षानुवर्षं आपण बघतोच. एका घटकाचा पैसा अडला की दुसऱ्याचं काम कसं वाया जातं, त्याचा तो धडा आहे.

आता तुम्ही काय करायचं. 'आमच्या गल्लीत गटार करा' असा अर्ज देऊ नका. दिलात तर आणखी एक तुकडा मिळेल. तुमच्या आणि खालच्या-वरच्या वसाहतींनी मिळून विचारा: आमच्या पाण्याचं तोंड कुठं आहे, तिथपर्यंतच्या तळाच्या पातळ्या कुणी घेतल्या आहेत का, आणि त्या नाल्याचा प्रकल्प अहवाल झालाय का. अहवालाला फार पैसा लागत नाही, पण तो तयार असल्याशिवाय नगरोत्थानातून किंवा कर्जातून एक रुपया येत नाही. निधी जाहीर होतो तेव्हा ज्या गावाचा अहवाल तांत्रिक मान्यतेसह कपाटात तयार असतो तेच गाव पुढं जातं. दुसरं, तुमच्या वसाहतीतून गुंठेवारी शुल्क किती जमलं आणि त्यातलं किती तिथं खर्चलं, हे माहिती अधिकारात मागा. हा आकडा तुमच्या हातात असला की बोलणं बदलतं. तिसरं, अंदाजपत्रकात पावसाळी गटाराच्या देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष आहे का ते बघा. नसेल तर ते मागा, रक्कम पहिल्या वर्षी थोडी का असेना. रस्ता महापालिकेचा आहे की बांधकाम विभागाचा तेही आधी तपासा, नाहीतर वर्षभर चुकीच्या दारावर उभे राहाल.

आणि वेळ चुकवू नका. पुढच्या वर्षीचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधीच दोन महिने चाललेली असते. तुमचा कागद नोव्हेंबर-डिसेंबरात आत गेला पाहिजे. यंदाच्या पावसात भिंतीवर पाण्याची रेघ जिथं उमटेल तिथं रंगानं खूण करा, तारीख टाका आणि शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. सर्व्हेला आलेला पोरगा त्या रेघेवरून पातळी घेईल.